अभ्यासक्रम कोणी ठरवला? आधी कागद ओळखा, मग दार ठोठवा

मुलाच्या वेळापत्रकात नवा विषय घुसला, पुस्तकातला एखादा धडा गायब झाला, पाचवीला अचानक परीक्षा आली. शाळेत विचारलं की एकच उत्तर मिळतं: "वरून आलंय." हे "वरून" म्हणजे दिल्ली, मुंबईचं मंत्रालय, पुण्यातलं एखादं कार्यालय किंवा संस्थाचालकांची केबिन, यांपैकी काहीही असू शकतं. बहुतेक तक्रारी वाया जातात त्या मुद्दा कच्चा असतो म्हणून नव्हे, तर चुकीच्या टेबलावर पोचतात म्हणून. तेव्हा निर्णय नेमका कोणाचा हे आधी शोधायचं. ते कसं शोधायचं आणि मग हरकत कशी घ्यायची, ते इथे सांगतो. उदाहरणं मुख्यतः महाराष्ट्रातली आहेत, पण रीत कोणत्याही राज्यात चालते.

पहिलं काम: शाळेची कुंडली

तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: शाळा कोणाच्या मालकीची, मंडळ कोणतं, आणि मूल कितवीत. शाळेचा यूडायस क्रमांक (देशभरातल्या शाळांच्या सरकारी नोंदीतला) अकरा आकडी असतो आणि त्याचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०, कर्नाटकचे २९. या क्रमांकावरून यूडायसच्या संकेतस्थळावर शाळेचं व्यवस्थापन आणि संलग्नता दिसते. शाळेच्या फलकावर काय रंगवलंय त्यावर जाऊ नका. "सीबीएसई पॅटर्न" असं लिहिणाऱ्या बऱ्याच शाळा सीबीएसईशी संलग्न नसतात.

आता सगळ्यात जास्त गोंधळ जिथे होतो ती गोष्ट. सीबीएसईची खासगी शाळा म्हणजे "केंद्राची शाळा" नव्हे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २(अ) मध्ये "समुचित शासन" म्हणजे कोण हे सांगितलं आहे. केंद्र सरकारने स्थापन केलेल्या, त्याच्या मालकीच्या किंवा नियंत्रणातल्या शाळांसाठी केंद्र. राज्याच्या हद्दीतल्या बाकी शाळांसाठी राज्य. केंद्रीय विद्यालय आणि नवोदय पहिल्या खान्यात जातात. कोथरूडमधली खासगी सीबीएसई शाळा दुसऱ्या खान्यात. तिला मान्यता राज्याची, संलग्नता फक्त सीबीएसईची. मान्यता आणि संलग्नता हे दोन शब्द शाळांचे क्लार्कसुद्धा सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. तुम्ही तसं करू नका, अर्जात तर मुळीच नाही.

इयत्ता का महत्त्वाची? शिक्षण हक्क कायदा पहिली ते आठवीपुरता आहे. त्याचं कलम २९(१) सांगतं की या वर्गांचा अभ्यासक्रम आणि मूल्यमापन पद्धत समुचित शासनाने अधिसूचनेने नेमलेलं विद्या प्राधिकरण ठरवेल. महाराष्ट्रात हे काम पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे आहे, कुमठेकर रस्त्यावरची एससीईआरटी. नववी ते बारावीसाठी मात्र अभ्यासक्रमावर संसदेचा असा कोणताच कायदा नाही. तिथे राज्य मंडळाच्या शाळांना महाराष्ट्र माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळे अधिनियम, १९६५ लागतो आणि सीबीएसईच्या शाळांना संलग्नतेच्या अटी. राज्य मंडळ कायद्याने जन्मलेलं आहे, तर सीबीएसई आणि एनसीईआरटी (दिल्लीची राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद) या नोंदणीकृत संस्था आहेत. लोकांच्या मनात मोठेपणाचा क्रम याच्या अगदी उलटा असतो.

घटनेतलं गणित

१९५० च्या राज्यघटनेत शिक्षण राज्यसूचीत होतं, नोंद ११. आणीबाणीत झालेल्या १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ती नोंद काढून शिक्षण समवर्ती सूचीत नेलं, नोंद २५. ३ जानेवारी १९७७ पासून ते तिथेच आहे. इथवर बहुतेकांना ठाऊक असतं आणि त्यावरून निष्कर्ष निघतो, "समवर्ती म्हणजे शेवटी केंद्राचंच चालणार". हा निष्कर्ष अर्धाच बरोबर आहे.

केंद्राचं चालतं ते कायदा असेल तर. अनुच्छेद २५४ प्रमाणे संसदेचा कायदा आणि विधिमंडळाचा कायदा एकाच विषयावर आपटले, तर संसदेचा टिकतो. राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची अनुमती मिळाली असेल तर त्या राज्यापुरता राज्याचा टिकतो. पण हा सामना कायद्या-कायद्यातला आहे, धोरणाला त्यात प्रवेश नाही. अनुच्छेद ७३ चं परंतुक, म्हणजे त्याला जोडलेली अपवादाची अट, वाचा. ज्या विषयावर राज्य विधिमंडळालाही कायदा करता येतो, त्या विषयात केंद्राचा कार्यकारी अधिकार राज्यात पोचत नाही, घटनेने किंवा संसदेच्या कायद्याने तसं स्पष्ट म्हटलं असेल तरच पोचतो. दुसऱ्या बाजूने अनुच्छेद १६२ राज्याला कार्यकारी अधिकार देतो आणि संसदेच्या कायद्याची मर्यादाही घालतो.

थोडक्यात, २९ जुलै २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेलं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण हा कायदा नाही. राज्याने ते स्वीकारलं तर राज्याच्या सहीने लागू होतं. तमिळनाडू, केरळ आणि पश्चिम बंगाल यांना हे धोरण लागू करायला लावा, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये फेटाळली. धोरण स्वीकारा असं राज्याला थेट भाग पाडता येणार नाही, मात्र राज्याच्या कृतीने किंवा निष्क्रियतेने मूलभूत हक्क मोडला जात असेल तर न्यायालय लक्ष घालू शकतं, असं म्हणून.

कागदाची जात ओळखा

शाळेकडून "वरून आलेल्या" त्या कागदाची प्रत मागा. व्हॉट्सॲपवरचा फोटो चालेल, पण पहिलं आणि शेवटचं पान दिसायला हवं. मग खालीलपैकी तो काय आहे ते पाहा.

अधिनियम किंवा राजपत्रातली अधिसूचना असेल तर ती बंधनकारक. बदलायची तर विधिमंडळ, संसद किंवा न्यायालय. शासन निर्णय असेल तर तो राज्याचा कार्यकारी आदेश. मंत्रालयाने काढला, मंत्रालयच रद्द करू शकतं. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा (२००५ चा जुना, २०२२ चा पायाभूत स्तराचा, २०२३ चा शालेय शिक्षणाचा) ही चौकट आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ७(६) केंद्राला असा आराखडा विकसित करायला सांगतं, पण राज्याच्या वर्गात कोणता धडा शिकवायचा ही सत्ता त्यातून निघत नाही. सीबीएसईची सूचना फक्त तिच्या संलग्न शाळांना. आणि शाळेच्या लेटरहेडवरचं परिपत्रक म्हणजे बहुधा संस्थेचाच निर्णय, वर कुणीही काही म्हटलेलं नसतं. रोबोटिक्सचं पुस्तक, कोडिंगची फी, अमुक दुकानातूनच घ्यायची वर्कबुकं, हा माल जवळजवळ नेहमी याच खान्यातला.

यात फसतात कसे ते पाहा. डिसेंबर २०२४ मध्ये "पाचवी-आठवीत ढकलपास बंद" अशा बातम्या झळकल्या. तो केंद्राच्या नियमांतला बदल होता आणि केंद्राच्या ताब्यातल्या शाळांपुरता. त्याच्या मुळाशी २०१९ ची शिक्षण हक्क कायद्यातली दुरुस्ती होती. त्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला परीक्षा घेऊन अनुत्तीर्ण करायचं की नाही हे समुचित शासनावर सोडलं. महाराष्ट्राने आपले नियम २०२३ मध्येच बदलले होते. म्हणजे जिल्हा परिषद शाळेतल्या पालकाने डिसेंबर २०२४ च्या बातमीवर दिल्लीला पत्र पाठवलं असेल, तर तो कागद दोन्ही बाजूंनी चुकला.

उलटी चूक सीबीएसई शाळांत होते. "आम्ही सीबीएसई, आम्हाला मराठीची सक्ती नाही." चूक. महाराष्ट्राचा २०२० चा मराठी भाषेच्या सक्तीच्या अध्यापन-अध्ययनाचा अधिनियम कोणत्याही मंडळाच्या शाळेला धरतो, आणि तो मोडला तर एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. २०२०-२१ पासून पहिली आणि सहावी अशी सुरुवात करून तो वर चढत गेला. नंतर राज्यानेच एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने इतर मंडळांच्या शाळांतल्या काही वर्गांना तात्पुरती सूट देऊन मराठीचं मूल्यमापन श्रेणीवर ठेवलं. हे सूट देणंसुद्धा राज्याच्याच हातात होतं, हे इथे लक्षात घ्या. मराठी हा विषय सक्तीचा करायला राज्य मोकळं आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच, गुजराती भाषक अल्पसंख्याक शाळांच्या उषा मेहता प्रकरणात मान्य केलं होतं. भाषा विषय म्हणून सक्तीची करणं आणि माध्यम म्हणून सक्तीची करणं यांत मात्र फरक आहे. दुसरी गोष्ट कर्नाटकने करून पाहिली आणि मे २०१४ मध्ये घटनापीठाने ती अडवली: खासगी विनाअनुदानित प्राथमिक शाळांवर मातृभाषेचं माध्यम राज्याला लादता येणार नाही.

शासन निर्णय वाचायचा कसा

इथे थोडा वेळ काढा, कारण बहुतेक उत्तरं याच कागदात असतात आणि बहुतेक लोक फक्त मधला परिच्छेद वाचतात.

महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर जा, विभाग "शालेय शिक्षण व क्रीडा" निवडा, तारखेची मर्यादा घाला. प्रत्येक निर्णयाला अठरा आकडी सांकेतांक असतो. पहिले आठ आकडे वर्ष-महिना-दिवस असे तारखेचे, शेवटचे दोन विभागाचे. शालेय शिक्षणाचे २१. कुणी पाठवलेल्या जीआरचा सांकेतांक संकेतस्थळावर सापडत नसेल, तर तो बनावट, अर्धवट किंवा मागे घेतलेला आहे असं धरून चाला. फॉरवर्ड करू नका.

आता शीर्षकाखालचं "वाचा" पाहा. त्यात आधीचे कागद क्रमाने दिलेले असतात आणि या निर्णयाची नाळ कुठे जोडलेली आहे ते तिथे कळतं. "वाचा" मध्ये शिक्षण हक्क कायदा आणि कलम असेल तर निर्णय कायद्यावर उभा आहे. नुसतं धोरण, आराखडा आणि एखाद्या बैठकीचं इतिवृत्त असेल, तर तो राज्याच्या मर्जीवर उभा आहे. त्यानंतर प्रस्तावना. तिथे "राष्ट्रीय धोरणातील तरतुदीनुसार" असं लिहिलं असेल, तर ती तरतूद स्वतः उघडून वाचा. मूळ धोरणात "राज्य ठरवेल" असतं आणि प्रस्तावनेत त्याचं "धोरणानुसार आवश्यक" झालेलं असतं. हे इतक्यांदा होतं की सवयीने तपासावं.

तिसऱ्या भाषेचं प्रकरण याचा उत्तम धडा आहे. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिली ते पाचवी हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली. विरोध पेटल्यावर १७ जून २०२५ ला सुधारित निर्णय आला. त्यात "अनिवार्य" गेलं आणि हिंदी "सर्वसाधारणपणे" तिसरी भाषा असेल असं आलं. दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर इयत्तेत किमान २० विद्यार्थ्यांनी ती मागावी, अशी अट. एक क्रियाविशेषण आणि एक आकडा. छोट्या शाळेत वर्गातच वीस मुलं नसतील तर पर्याय कागदावरच राहतो, आणि "सर्वसाधारणपणे" प्रत्यक्षात "अनिवार्य" होतं. २९ जून २०२५ ला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दोन्ही निर्णय रद्द केल्याचं आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमल्याचं जाहीर केलं.

आता या सगळ्यात दिल्ली कुठे होती? राष्ट्रीय धोरणाचा परिच्छेद ४.१३ उघडा. त्रिभाषा सूत्र चालू राहील, तीनपैकी किमान दोन भाषा भारतीय असाव्यात, भाषांची निवड राज्यं, प्रदेश आणि विद्यार्थ्यांची, आणि कोणत्याही राज्यावर कोणतीही भाषा लादली जाणार नाही, असं तिथे आहे. पहिलीपासून हिंदी ही ओळ तिथे नाही. निर्णय मंत्रालयाचा होता म्हणूनच मंत्रालयाला तो अडीच महिन्यांत मागे घेता आला; त्यासाठी ना संसद लागली, ना केंद्राची परवानगी. ज्यांनी तेव्हा केंद्रीय शिक्षण मंत्रालयाला निवेदनं धाडली त्यांचा टपालखर्च फुकट गेला असं म्हणायला हरकत नाही.

१६ एप्रिलच्या त्याच निर्णयात नव्या अभ्यासक्रमाचा तक्ताही होता: २०२५-२६ मध्ये पहिली, २०२६-२७ मध्ये दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी, २०२७-२८ मध्ये पाचवी, सातवी, नववी, अकरावी, २०२८-२९ मध्ये आठवी, दहावी, बारावी. असा तक्ता हाती लागला की आपल्या मुलाचं वर्ष त्यात शोधा आणि त्याच्या एक वर्ष आधीच हरकतीची तयारी ठेवा. पुस्तक छापून आल्यावर हरकत घेणं म्हणजे वरात निघून गेल्यावर मांडव घालणं. आणि अशा तक्त्यावर नंतर शुद्धिपत्रकं निघतात, म्हणून नियोजन करण्याआधी ताजा निर्णय पुन्हा शोधा.

चार शब्द, चार टेबलं

आराखडा, अभ्यासक्रम, पाठ्यक्रम, पाठ्यपुस्तक. बोलताना आपण चारही एकच धरतो. आराखडा म्हणजे चौकट: विषय कोणते, तास किती, उद्दिष्टं काय. अभ्यासक्रमात इयत्तेनुसार काय साध्य व्हावं ते येतं. पाठ्यक्रम म्हणजे घटकांची यादी. पुस्तक सगळ्यात शेवटी.

महाराष्ट्रात आराखडा आणि पहिली ते आठवीचा अभ्यासक्रम एससीईआरटीकडे. पुस्तकं बालभारतीकडे, म्हणजे २७ जानेवारी १९६७ ला स्थापन झालेलं आणि पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर असलेलं पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ. दहावी-बारावीची परीक्षा आणि गुणयोजना शिवाजीनगरच्या राज्य मंडळाकडे. धड्यातली चूक, नकाशातली चूक, कवितेची निवड: बालभारतीचे संचालक. इतिहासाला आठवड्याला किती तासिका: एससीईआरटी. तोंडी परीक्षेचे गुण: राज्य मंडळ. शाळा ठरलेलं शिकवतच नाही: जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (आठवीपर्यंत प्राथमिक, पुढे माध्यमिक), मुंबईत शिक्षण निरीक्षक, त्यांच्यावर विभागीय शिक्षण उपसंचालक. शिक्षणाधिकाऱ्याला धडा बदलायचा अधिकार नाही आणि बालभारतीला शाळा तपासायचा नाही. ही अदलाबदल झाली की अर्ज "पुढील कार्यवाहीसाठी" फिरत राहतो.

एनसीईआरटीच्या पुस्तकातून काही वगळलं तर राज्य मंडळाच्या मुलाच्या पुस्तकात आपोआप काही होत नाही. जी राज्यं एनसीईआरटीची पुस्तकं घेतात, त्यांनाही भर घालता येते. वगळलेला भाग शिकवायचाच असं केरळने ठरवलं आणि ऑगस्ट २०२३ मध्ये अकरावी-बारावीसाठी पूरक पुस्तकं काढली. सीबीएसईनेही ऑगस्ट २०२४ च्या सूचनेत एनसीईआरटीची पुस्तकं नववी ते बारावीसाठी बंधनकारक म्हटली, आणि पहिली ते आठवीसाठी जोरदार शिफारस केली. आठवीनंतरच शिफारशीचं बंधन का होतं, ते वर कलम २९(१) मध्ये आलंच आहे.

कायद्याशिवायचा जोर

केंद्राला अधिकार कमी असला तरी वजन कमी नाही. समग्र शिक्षा योजनेत बहुतेक राज्यांसाठी खर्चाची वाटणी ६०:४० आहे, ईशान्य आणि हिमालयीन राज्यांसाठी ९०:१०. पीएम श्री या केंद्राच्या योजनेतल्या शाळांसाठी राज्याला केंद्राशी करार करावा लागतो आणि त्यात राष्ट्रीय धोरण राबवण्याचं कबूल करावं लागतं. तमिळनाडूने सही केली नाही. समग्र शिक्षेचे दोन हजार कोटींहून अधिक रुपये अडले. राज्याने मे २०२५ मध्ये अनुच्छेद १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात केंद्राविरुद्ध दावा लावला. म्हणून एखादी गोष्ट "योजनेखाली" आली असेल तर शासन निर्णयाबरोबर करारनाम्याची प्रतही मागा. खरी अट तिथे असते.

दुसरा जोर प्रवेश परीक्षांचा. नीट आणि जेईईची तयारी एनसीईआरटीच्या पुस्तकांवर होते, म्हणून राज्य मंडळं अकरावी-बारावीचा विज्ञानाचा पाठ्यक्रम आपणहून त्याकडे सरकवतात. यावर हरकत घ्यायला कुठलंच टेबल नाही, खरं सांगायचं तर.

हरकत लिहिताना

मसुदा जाहीर झाला की मुदत थोडी असते. मे २०२४ मध्ये एससीईआरटीने राज्याच्या शालेय शिक्षण आराखड्याचा मसुदा हरकतींसाठी खुला केला तेव्हा उन्हाळी सुट्टी चालू होती आणि मुदत दिवसांवर मोजण्याएवढी. शेकडो पानांचा दस्तऐवज. सगळा वाचायला जाऊ नका. आपली इयत्ता आणि विषय शोधा आणि एका मुद्द्याला एक पान द्या: पान क्रमांक, परिच्छेद, मूळ वाक्य जसंच्या तसं, हरकत, आणि त्याजागी काय हवं ते वाक्य. शेवटचा भाग गाळला तर हरकत "अभिप्राय" म्हणून मोजली जाते आणि संपते. "हे धोरणच रद्द करा" असं लिहिलेल्या पत्रावर "धोरणात्मक बाब" असा शेरा पडतो. निषेधासाठी मोर्चा ठीक, हरकतीच्या अर्जात मात्र परिच्छेद क्रमांकच बोलतो.

आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी भक्कम आधार कलम २९(२) चा. प्राधिकरणाने काय विचारात घ्यायचं याचे आठ मुद्दे तिथे आहेत. घटनेतील मूल्यांशी सुसंगती, मुलाला भीती, आघात आणि चिंता यांपासून मुक्त ठेवणं, शक्य तिथवर मातृभाषेतून शिक्षण, हे त्यांतले. तुमची हरकत यांपैकी एका मुद्द्याला बांधा.

आकडा वापरता आला तर आणखी चांगलं. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १,००० तास दिलेले आहेत. पहिलीत एखाद्या नव्या विषयाला रोज अर्ध्या तासाची एक तासिका दिली तर वर्षाला १०० तास जातात, म्हणजे ८०० चा आठवा भाग. हा आठवा भाग मराठीतून काढणार, गणितातून की खेळातून? मसुद्यात याचं उत्तर नसेल तर तीच तुमची हरकत. भावनेला उत्तर न देणारा अधिकारी तासिकांच्या बेरजेपुढे थांबतो.

माहिती अधिकाराचा अर्ज

निर्णयामागचे कागद हवे असतील तर महाराष्ट्रात शुल्क १० रुपये, ऑनलाइन भरा किंवा कोर्ट फी स्टॅम्प लावा. राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. केंद्राच्या कार्यालयांसाठी मर्यादा ५०० शब्दांची. "का" विचारू नका. कारणमीमांसा ही "माहिती" नाही असं उत्तर येतं आणि महिना जातो. कागद मागा. साधारण असा:

"इयत्ता ३ री परिसर अभ्यास या विषयाच्या नवीन अभ्यासक्रमाबाबत पुढील कागदपत्रांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात: (१) विषय समिती नेमल्याचा आदेश, सदस्यांची नावे व पदनामे; (२) समितीच्या सर्व बैठकांची इतिवृत्ते; (३) मसुद्यावर आलेल्या हरकतींचा गोषवारा व त्यावरील निर्णय दर्शवणारा तक्ता; (४) अंतिम मान्यतेच्या नस्तीतील टिपणी भागाची प्रत."

टिपणी मागायला विसरू नका. कोणत्या टेबलावर कोणी काय शेरा मारला ते फक्त तिथे दिसतं. उत्तराची मुदत ३० दिवस. न आल्यास पहिलं अपील ३० दिवसांत, राज्यात त्याला २० रुपये. पुढे ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं अपील. चुकीच्या कार्यालयात गेलेला अर्ज त्यांनीच कलम ६(३) खाली ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, पण त्यावर विसंबू नका. खासगी विनाअनुदानित शाळेकडून थेट कागद मिळत नसेल, तर तिची जी माहिती शिक्षणाधिकाऱ्यांच्या दप्तरी आहे ती तिथून मागा.

मुलाच्या हक्काचाच प्रश्न असेल, उदाहरणार्थ मातृभाषेचा वर्ग परस्पर बंद केला, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा. तीन महिन्यांत निर्णय अपेक्षित आहे, आणि त्यावर अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे.

कोर्टात जाण्याआधी २००२ चा अरुणा रॉय निकाल वाचा. २००० च्या राष्ट्रीय आराखड्याला आव्हान देताना एक मुद्दा होता की केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाला, म्हणजे राज्यांचे शिक्षणमंत्री जिथे बसतात त्या मंडळाला, विचारलंच नाही. न्यायालय म्हणालं, ते मंडळ कायद्याने स्थापन झालेलं नाही, त्याचा सल्ला घेतला नाही म्हणून आराखडा रद्द होत नाही. "राज्यांना विचारलं नाही" एवढ्यावर याचिका उभी करू नका. "धडा चुकीचा आहे" यावरही नको. मजकुराचं मूल्यमापन करायला न्यायालयं सहसा तयार नसतात. अधिकार नसलेल्याने निर्णय घेतला, कायद्यातली पायरी गाळली, किंवा मूलभूत हक्क मोडला, या तीन खुंट्यांपैकी एक तरी हवी.

राज्याबाहेरच्या मराठी शाळा

बेळगाव, निपाणी, खानापूरच्या मराठी शाळांना महाराष्ट्राचे शासन निर्णय लागत नाहीत, पुस्तक मराठीत असलं तरी. समुचित शासन कर्नाटकचं. अर्ज तिथल्या खात्याकडे. घटनेचा आधार मात्र वेगळा मिळतो: अनुच्छेद ३५०अ, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करावी असं राज्यांना सांगणारा, आणि ३५०ब, भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या विशेष अधिकाऱ्याचा, जो राष्ट्रपतींना अहवाल देतो. त्याच्या शिफारशी बंधनकारक नसतात. तरीही राज्य सरकारच्या अर्जाची एक प्रत त्या अधिकाऱ्याकडे पाठवा आणि पोच जपून ठेवा. पुढे उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर तारखांचा तो धागा कामाला येतो. गोव्यात मराठी आणि कोकणी माध्यमाच्या शाळांसाठीही हिशेब तोच: आठवीपर्यंत राज्य सरकार आणि तिथली एससीईआरटी, पुढे पर्वरीचं गोवा शालान्त मंडळ.